आठवीच्या मुलांचा ब्लॉग: ‘अम्मा’चं ‘आई’ करावं का?

पाटीपेन्सिल | रविवार, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. इथे पाच-सहा वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका शाळेत मराठी शिकवते. आठवी, पट ५२. त्यातल्या तीसेक मुलांच्या घरी तेलुगू, पाच-सहा जणांकडे कन्नड, काहींकडे दखनी. म्हणजे ज्या मराठीत मी त्यांना ‘मनातलं लिहा’ म्हणते ती त्यांची शाळेतली भाषा आहे, घरातली नाही. बहुतेकांच्या आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर नाहीतर रिक्षावर.

जूनमध्ये ‘माझा आवडता ऋतू’ हा निबंध दिला. ५२ वह्या आल्या आणि त्यातल्या ४१ वह्यांत मोर थुई थुई नाचला. पूर्व भागात मोर! गाइड एकच, म्हणून मोरही एकच. पण त्याच गठ्ठ्यातल्या एका वहीच्या मागच्या पानावर वेगळ्याच शाईत काहीतरी होतं. ‘आज पाणी येणार.’ चार दिवसांनी नळाला पाणी येतं त्या रात्रीचं वर्णन. घागरी घेऊन जिन्यात कोण बसतं, कुणाची मोटार सगळ्यांच्या आधी लागते, आणि एरवी गप्पा मारणाऱ्या बायका तेवढा तासभर एकमेकींकडे बघतसुद्धा नाहीत. नाव न सांगता वर्गात वाचून दाखवलं. आधी हसले, मग गप्प झाले. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मिस, मोटार लावणारी ती आमचीच अव्वा.’

तिथून ब्लॉग सुरू झाला. ब्लॉगरवर, खातं माझ्या नावाचं, सार्वजनिक नाही. आमंत्रण दिलेल्यांनाच दिसतो. मुलं कागदावर लिहितात, आठवड्याला दोन जण संगणक कक्षात टंकतात (अकरा संगणक, चालू सहा). पोरांची टोपणनावं पोरांनीच घेतली. ‘गड्ड्यातला पाळणा’, ‘टॉवेलची घडी’, एकाचं नुसतंच ‘रोल नंबर’. दिवाळीपर्यंत ६३ लेख झाले. एका मुलाचं कुटुंब कुंभारीला नव्या वसाहतीत राहायला गेलं, त्याने लिहिलं की तिथे मागाचा खटखटाट नाही म्हणून झोप लागत नाही, आणि बापालाही लागत नाही, दोघं रात्री गच्चीवर बसतात. असलं काही मला आजवर वहीत मिळालं नव्हतं.

आता अडचण. एका मुलाने आईवर लिहिलं. त्याचं वाक्य असं होतं: ‘अम्मा पहाटं चारला उठती, सूप मांडीवर घेऊन बसती. ती पेंगलाली तरी बोटं वळलालीत.’ मी सवयीने ‘शुद्ध’ केलं. ‘आई पहाटे चार वाजता उठते, सूप मांडीवर घेऊन बसते. तिला पेंग येत असली तरी बोटे विड्या वळत असतात.’ पोस्ट झालं. पोराने वाचलं, काही बोलला नाही. तीन आठवडे एक ओळ लिहिली नाही. परवा वह्या गोळा करताना हळूच विचारलं, ‘मिस, अम्माचं आई का केलाव?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून इथे आले. लाल पेन किती चालवायचं? टोपणनावं बरोबर की चूक? आणि तिसरं म्हणजे दुमडलेली पानं. मी मुलांना सांगितलंय की जे फक्त मला सांगायचं असेल ते लिहून पान दुमडा. ते ब्लॉगवर जाणार नाही, कुणाला सांगणार नाही. त्या पानांत कधीकधी असं काही येतं की रात्री झोप लागत नाही. त्यांचं काय करायचं?


हुरडापार्टी | रविवार, रात्री १०:०५

वाचतोय. ४१ मोरांवर फुटलो. आमच्या वेळी ‘शेतकऱ्याचे मनोगत’ असायचं, साठ पोरांचे साठ शेतकरी ‘होय, मीच तो अभागी बळीराजा’ असं म्हणूनच सुरुवात करायचे. माझा बाप खरा शेतकरी. त्याला वाचून दाखवला तर म्हणाला, ‘हे कोण बोललालंय?’


तिरकस | रविवार, रात्री १०:२१

कौतुक आहे, पण थोडं थंड पाणी ओततो. (पाण्याचा दिवस असेल तर.) दहावीच्या मराठीच्या ८० गुणांच्या लेखी पेपरात उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत. बातमी, जाहिरात, पत्र, सारांश, कथा, निबंध. तिथे ‘वळलालीत’ लिहिलं तर परीक्षक टोपणनाव विचारणार नाही, गुण कापेल. ज्या घरात आई विड्या वळते त्या घराला ते गुण हवेत. बोलीचं कौतुक करायला आपल्यासारखे पोट भरलेले लोक पुष्कळ आहेत.


निवृत्त_मास्तर | सोमवार, सकाळी ६:१०

बाई, ३८ वर्षे जिल्हा परिषदेत काढली, बार्शी तालुक्यात. त्या काळी आम्ही हस्तलिखित काढत असू. दर महिन्याला एक अंक. सुवाच्य अक्षराची दोन मुले उतरवून काढीत, एक मुलगी कडेला वेलबुट्टी काढी. नंतर सायक्लोस्टाइल आले, तेव्हा शाईने माझे धोतर कायमचे खराब झाले. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात हस्तलिखित दैनिक काढीत, १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिकही सुरू केले. सांगायचे एवढेच की हा प्रकार काही नवा नाही. ब्लॉग म्हणजे कुलूप लावलेले भित्तिपत्रक.

एक प्रामाणिक शंका. भिंत असताना यंत्र कशाला? भिंतीवरचे वाचायला ईमेल लागत नाही.

लाल पेनाबद्दल माझा अनुभव वाईट आहे. १९८० च्या सुमारास एका मुलाने ‘आमची म्हस मेली’ असे लिहिले होते. मी ‘म्हस’ला गोल करून ‘म्हैस’ लिहिले आणि खाली शेरा दिला, ‘शुद्धलेखन सुधारा.’ म्हैस मेल्याबद्दल एक शब्द लिहिला नाही. हे मला अजून आठवते याचा अर्थ तुम्ही लावा.


कडकभाकरी | सोमवार, सकाळी ७:४४

मास्तर, म्हशीची गोष्ट वाचून चहा गार झाला.


भुईकोट | सोमवार, सकाळी ११:३०

शाळकरी मुलांच्या लेखनाची गोष्ट निघालीच आहे तर साने गुरुजींच्याही मागे जाऊ. १८५५. फुले दांपत्याच्या पुण्याच्या शाळेतली चौदा वर्षांची विद्यार्थिनी मुक्ता हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ मध्ये छापून आला. वर्गात लिहिलेला निबंध आणि महाराष्ट्रभर वाचक! आज आपण तिला मुक्ता साळवे म्हणून ओळखतो ते केवळ त्या निबंधामुळे.

आणि तिथे टोपणनाव नव्हतं. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर माझं मत टोपणनावांच्या विरोधात आहे. नाव लपवून लिहायला शिकवलं की मूल असं शिकतं की खरं बोलणं ही लपवायची गोष्ट आहे. ‘रोल नंबर’ हे टोपणनाव वाचून मला तर वाईटच वाटलं.


विजापूरवेस | सोमवार, दुपारी १२:१५

भुईकोट, उदाहरण भारी, निष्कर्ष घाईचा. १८५५ च्या ज्ञानोदयचा स्क्रीनशॉट काढून कुणी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत नव्हतं.

उलट उदाहरण घ्या. २००९ मध्ये पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातली एक अकरा वर्षांची मुलगी बीबीसी उर्दूसाठी डायरी लिहायची. ‘गुल मकई’ या नावाने. शाळा बंद होणार, आज वर्गात किती मुली आल्या, गणवेश घालू नका असं सांगितलंय, असलं रोजचं साधं. नाव मलाला हे नंतर कळलं, आणि त्यानंतर २०१२ मध्ये काय झालं ते आपल्याला माहीत आहे. टोपणनाव म्हणजे भ्याडपणा नाही. छत्री आहे.

‘रोल नंबर’ बद्दल: बाई, त्याला विचारा तरी. कदाचित त्याला ते गमतीचं वाटत असेल.


पाटीपेन्सिल | सोमवार, सायंकाळी ५:४०

विजापूरवेस, आजच विचारलं. म्हणाला, ‘मिस, रोल नंबर बोलल्यावर सगळे माझ्याकडं बघतेत, म्हणून.’ घ्या!

मास्तर, यंत्र कशाला हे सांगते. भिंतीवर लावलं की वाचतो आमचाच वर्ग. कुंभारीला गेलेल्या मुलाचा लेख त्याच्या जुन्या गल्लीतल्या काकांनी मोबाइलवर वाचला आणि मुलाच्या बापाला फोन केला. भिंत एवढी लांब जात नाही.

पण स्क्रीनशॉटचं निघालंच आहे म्हणून सांगते, आधी लिहायचं टाळलं होतं. तो ‘आज पाणी येणार’ लेख कुणा पालकाच्या मोबाइलवरून बाहेर पडला, वॉर्डात फिरला. एका ‘दादां’ना वाटलं की शाळा त्यांची बदनामी करतेय. शाळेत निरोप आला. मला बोलावून सांगण्यात आलं, ‘फुलं, पाखरं, सण यावर लिहायला लावा ना मॅडम.’ लेख सध्या उतरवलाय. लिहिणाऱ्या मुलीला काय सांगू? मी तिला सांगितलं की दुरुस्तीसाठी काढलाय. खोटं सांगितलं.


ग्लासगोकर_सोलापूरकर | सोमवार, रात्री ११:०२ (भारतीय वेळेप्रमाणे)

बाई, तुमच्या दादांचे भाऊबंद इकडेही आहेत. स्कॉटलंडमध्येच २०१२ मध्ये मार्था पेन नावाची नऊ वर्षांची मुलगी शाळेतल्या जेवणाचा रोज फोटो काढून ब्लॉगवर टाकायची. दहापैकी गुण द्यायची, किती घास झाले ते मोजायची, आणि केस निघाला का तेही लिहायची. ब्लॉग गाजला, तशी स्थानिक कौन्सिलने तिला फोटो काढायला बंदी केली. एवढा गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी बंदी मागे घ्यावी लागली. तिने गरीब देशांतल्या शाळांमध्ये जेवण देणाऱ्या संस्थेसाठी पैसे जमवायला घेतले होते, ते या भांडणामुळे बघता बघता लाखांत गेले. पौंडांत.

मी पूर्व भागातलाच, शाळा सोडून तीस वर्षं झाली. नळाचा तो लेख वाचायला मिळाला तर बरं वाटेल. जिन्यातल्या घागरींपैकी एक आमची असायची.


तिरकस | सोमवार, रात्री ११:२०

तिकडे गदारोळ झाला म्हणून बंदी उठली. इकडे गदारोळ झाला तर बाईंची बदली होईल, आणि खाजगी संस्था असेल तर बदलीसुद्धा नाही. मुलीला खरं सांगा, एवढंच म्हणेन. आठवीतल्या पोरीला कळतं हो सगळं. तिनेच तर लिहिलंय, पाणी आलं की कोण कुणाकडे बघत नाही.


काळाकोट | मंगळवार, सकाळी ९:१५

वकिली करते, म्हणून थोडं रूक्ष लिहिते. पण आधी बाईंना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, तो पहिल्यांदा वाचा.

दुमडलेल्या पानांवर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. देऊच शकत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची नुसती शंका आली तरी ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणून शिक्षक मोकळा होत नाही. न कळवणं हाच गुन्हा. बालविवाहाचं काही कानावर आलं तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन. चोवीस तास चालतो, फुकट आहे, सांगणाऱ्याला नाव सांगावं लागत नाही. मुलगी १८, मुलगा २१, हे सगळ्यांना पाठ असतं. पण लग्न लागायच्या आधी न्यायालयाकडून मनाई हुकूम घेता येतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

मुलांना असं सांगा: ‘पान दुमडलंत तर ब्लॉगवर जाणार नाही, वर्गात वाचणार नाही. पण तुमच्या किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर मी मदत मागेन, आणि मागायच्या आधी तुम्हाला सांगेन.’ याने पानं कमी येतील असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे.

ब्लॉगबद्दल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ च्या आतलं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. तेव्हा जून महिन्यातच पालकांकडून लेखी संमती घ्या, त्यांना समजेल त्या भाषेत. तेलुगूत लागली तर तेलुगूत. फोटो नको, गणवेश नको, गल्लीचं नाव नको.

आणि इथे, या धाग्यावर, कोणत्याही मुलाबद्दल आता आहे त्याहून जास्त तपशील लिहू नका.


पाटीपेन्सिल | मंगळवार, सकाळी १०:५०

व्यनि वाचला. फोन केला. त्याबद्दल इथे यापुढे लिहिणार नाही.


हुरडापार्टी | मंगळवार, सकाळी ११:०४

🙏


लूमवाला | मंगळवार, रात्री १०:३८

मॅडम, मी शिकलेला माणूस नाही ओ. नववी नापास. माग चालवतो. पोरगी हा धागा वाचून दाखवलाली म्हणून लिहलालो, टाइप तीच करलाली.

तुमी म्हणलाव मनातलं लिहा. पोरं लिहितेत. पण घरातलं फक्त पोराच्या मनातलं नसतंय ओ, ते आमचं पण असतंय. माझ्या उधारीचं माझ्या पोरानं लिहिलं तर ते खरंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण उद्या दुकानदार वाचला तर मला माल देईल का? बदनामी-बदनामी म्हणून तो दादा ओरडला ते चूक. पण आमाला पण एकदा विचारावं की.

आणि अम्माचं आई करू नका. आमची अम्मा आमची अम्माच हाय.


पाटीपेन्सिल | मंगळवार, रात्री ११:१५

दादा (तुम्ही, ते नव्हे!), हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. संमती म्हणजे मुलाची आणि पालकाची एक सही, एवढंच मी धरून चालले होते. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला आधी वाचून दाखवायचं, हे सुचलं नाही. उद्यापासून नियमच करते. पोस्ट करायच्या आधी ज्याचं नाव लेखात आलंय त्याला मुलाने स्वतः वाचून दाखवायचं. वाचता येत नसेल तर जास्तच गरजेचं.

तुमच्या टायपिस्टला शाबासकी.


शब्दवेल्हाळ | बुधवार, दुपारी २:२०

‘वळलाली’बद्दल. तिरकस यांना ते अशुद्ध वाटतं, पण त्यात नियम आहे. करलालो, येलाली, बघलालेत. तिन्ही लिंगांत, दोन्ही वचनांत नीट चालतं. माझ्या समजुतीप्रमाणे हे ‘करू लागलो’ चं घासलेलं रूप असावं. पुणेरी ‘करतोय’ हेही ‘करतो आहे’ चं घासलेलंच. एक घासलेलं क्रमिक पुस्तकात बसतं आणि दुसऱ्यावर लाल गोल पडतो.

बाई, याचाच व्याकरणाचा तास करा. फळ्यावर मुलाचं वाक्य लिहा, खाली पुस्तकी वाक्य लिहा, आणि मुलांनाच विचारा की काय काय बदललं. ‘ती पेंगलाली तरी बोटं वळलालीत’ या वाक्यात विडी हा शब्दच नाही, बघा. तुम्ही दुरुस्त करताना घातलात. त्याला गरज वाटली नव्हती, कारण त्याच्या घरात बोटं दुसरं काही वळतच नाहीत.


तिरकस | बुधवार, दुपारी २:५१

हे मान्य. शेवटच्या दोन वाक्यांसाठी शब्द मागे घेतो. परीक्षेचा मुद्दा मागे घेत नाही.


शब्दवेल्हाळ | बुधवार, दुपारी ३:०५

घेऊ नकाच. दोन्ही यायला हवं. फक्त एक शिकवायला दुसरं खोडावं लागत नाही.


डीएडवाली | बुधवार, रात्री ८:३०

अध्यापक विद्यालयात शिकवते. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचा खेड्यातला शिक्षक होता. पहिल्या महायुद्धात जखमी झालेला, फुप्फुसं गेलेली, फार वेळ बोलणं जमायचं नाही. त्याने १९२० च्या दशकात वर्गात एक छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं फिरून यायची, पाहिलेलं लिहायची, खिळे जुळवून स्वतः छापायची. पण मला त्याची खरी युक्ती पुढची वाटते. तो ते छापलेले कागद दूरच्या दुसऱ्या शाळेतल्या मुलांना पाठवायचा आणि तिथली मुलं आपले कागद इकडे पाठवायची. समुद्र न पाहिलेल्या पोराला मासेमारीबद्दल कुणीतरी त्याच्याच वयाचं लिहून सांगतंय.

गल्लीने वाचलं तर भांडण, जगाने वाचलं तर भीती. यांच्या मधला वाचक म्हणजे दुसऱ्या गावचा वर्ग. तुमच्या खाजगी ब्लॉगला शंभर वाचकांची मर्यादा असते ना? एका वर्गाला त्यातला एकच ईमेल पुरतो, त्यांच्या शिक्षकाचा.

आणि हो, आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या डिसले गुरुजींना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तो पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडसाठी. त्यांच्या शाळेतली मुलंही परदेशातल्या मुलांशी बोलायची. तेव्हा माढ्याला जमतं ते सोलापूरला का जमू नये.


मालदांडी | बुधवार, रात्री ९:१०

मंगळवेढा तालुका, जिल्हा परिषद शाळा, आठवीचा वर्ग, पट १९. आम्ही तयार आहोत. आमच्याकडे ज्वारी आहे, विहिरी आहेत, आणि मोरसुद्धा आहे. खरा.


पाटीपेन्सिल | बुधवार, रात्री ९:१२

मोर आहे म्हणताय तर ठरलंच!! व्यनि करते.


एकेकाळची_ब्लॉगर | गुरुवार, रात्री १२:४०

मी आता बावीस वर्षांची आहे. नववीत आमच्या शाळेने पण असाच ब्लॉग केला होता, सोलापुरातच, सगळ्यांना दिसणारा, खऱ्या नावाचा. मी एक कविता लिहिली होती. वर्गातल्या एका मुलावर होती हे सगळ्या वर्गाला कळलं. मला वाटलं होतं कुणाला कळणार नाही. शिक्षिकांनी कौतुकच केलं होतं, वाईट कुणीच नव्हतं. ती शिक्षिका शाळा सोडून गेली, पासवर्ड तिच्याबरोबर गेला. ती कविता अजून तिथे आहे. नाव शोधलं की सगळ्यात वर येते. मागच्या महिन्यात नोकरीच्या मुलाखतीला गेले, समोरचे गृहस्थ हसून म्हणाले, ‘कविता करता वाटतं?’

माझं म्हणणं ब्लॉगच्या विरोधात नाही. त्या ब्लॉगमुळेच मी लिहायला लागले. पण बाई, शेवटी बंद कसा करणार हे आत्ताच ठरवा. पासवर्ड दोघांकडे असू द्या. एप्रिलमध्ये सगळं छापून प्रत्येकाला त्याचा-त्याचा गठ्ठा द्या आणि ऑनलाइन पुसून टाका. कुणाला ठेवायचं असेल तर तो मोठा झाल्यावर स्वतः ठेवेल.


निवृत्त_मास्तर | गुरुवार, सकाळी ६:०५

हस्तलिखिताचा एक फायदा आत्ता समजला. वाळवी.

विनोद बाजूला. या मुलीचे म्हणणे लाखमोलाचे आहे. बाई, छपाईचे मनावर घ्याल तर कागदाचा खर्च माझ्याकडे. निवृत्तिवेतन दुसरे कशाला असते?


कडकभाकरी | गुरुवार, सकाळी ८:१९

अवांतर: मोबाइलवर बोलून टंकायचा प्रयोग केला का? मी आत्ता ‘अम्मा विड्या वळलाली’ म्हणून बघितलं. आलं, ‘अम्मा विड्या वळ लाली’. आता ही लाली कोण?


पाटीपेन्सिल | गुरुवार, सकाळी ८:३०

आमच्या वर्गात लाली हे आता एक पात्रच आहे. ‘येलाली’, ‘जालाली’, ‘बसलाली’ सगळीकडे तीच. म्हणून तर पोरं हाताने टंकतात.


पाटीपेन्सिल | तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ४:१५

धागा वर काढतेय. हिशेब द्यायचा आहे.

पाण्याच्या लेखाच्या मुलीला खरं काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, ‘मला माहीत होतं मिस. दादाची मोटार पण लिहिली होती ना मी.’ मूळ कागद पुन्हा काढून बघितला. खरंच लिहिलं होतं. मी टंकताना वगळलं होतं, लक्षातही नव्हतं. लेख मंगळवेढ्याच्या वर्गापुरता परत लावलाय. संस्थेशी त्यावर बोलणं चालू आहे, निकाल लागला नाही.

अम्मा परत अम्मा झाली. मुलाला विचारून, त्याच्या मूळ कागदाप्रमाणे. आधी त्याने घरी वाचून दाखवलं. अम्मा काय म्हणाली विचारलं तर म्हणाला, ‘पेंगलाली लिहिलेलं काढ म्हणाली. मी काम करताना पेंगत नाही म्हणाली.’ बरीच घासाघीस झाली त्यांची. शेवटी वाक्य राहिलं आणि खाली अम्माच्या सांगण्यावरून एक ओळ वाढली: ‘अम्मा म्हणती की ती डोळे मिटून मोजलाली असती.’ हजार विड्यांचा हिशेब आहे तो, खरंच मोजत असेल.

त्यावर मंगळवेढ्याच्या मुलांचे प्रश्न आले, नऊ. सूप तर धान्य पाखडायला असतं, मांडीवर कशाला? पान कुठल्या झाडाचं? ओलं का करतात? हजार झाल्या नाहीत तर? आमचा हा मुलगा, जो तीन आठवडे एक ओळ लिहीत नव्हता, त्याने दोन फुलस्केप भरून उत्तर दिलं. सुपात पानं, तंबाखू, दोरा कसं मांडलेलं असतं त्याची आकृती काढली. तेंदूची पानं भिजवली नाहीत तर वळताना मोडतात. आणि मधेच एके ठिकाणी लिहिलं, ‘वळलाली म्हणजे वळत आहे. तुमच्यात काय म्हणतेत?’ तिकडून उत्तर आलं, ‘वळतीया.’ आता वर्गात ‘लाली’ विरुद्ध ‘तीया’ असा तक्ता लागलाय. तिसरा रकाना पुस्तकाचा. तिरकस, चाचणीत त्याला पुस्तकी ‘वळत आहे’ बरोबर आलं, तुमच्यासाठी मुद्दाम बघितलं.

संमतीपत्रं ५२ पैकी ४७ आली. पाच जणांची नाही म्हणून आली, त्यांचं लेखन भिंतीवर लागतं, मास्तर.

काळाकोटताई, नवा नियम वर्गात सांगितला, तुम्ही लिहिला होता तसाच.


तिरकस | शनिवार, दुपारी ४:४०

बघितलंत म्हणून आभार. चाचणी किती गुणांची होती?


पाटीपेन्सिल | शनिवार, दुपारी ४:४२

वीस. त्याला चौदा. सुधारतंय.


लूमवाला | शनिवार, रात्री ९:५०

मॅडम, ईमेल नाही ओ माझ्याकडं. पोरीच्या मोबाइलवर बघतो. ते सुपाचं चित्र बरोबर काढलाय पोरगा. फक्त कात्री उजवीकडं पायजे.


काळाकोट | शनिवार, रात्री १०:३०

नियम सांगितल्यावर दुमडलेली पानं कमी झाली का?


पाटीपेन्सिल | शनिवार, रात्री १०:४४

नाही. आधी आठवड्याला दोन-तीन यायची. या आठवड्यात सात आली. त्यातलं एक कोरं आहे. नीट चार घड्या घालून दिलेलं, आत काहीच नाही.

विचारलं नाही. वर तारीख टाकून ठेवलंय.